पोर्तुगीजांचा गडगा

सहा फूट बाय पाच फूट. एवढीच जागा हवी होती गौरीला, तीही कुणाच्या बापाची नव्हे, स्वतःच्याच वाडीतली, घराच्या मागच्या भिंतीला लागून. तिथे एक संडास आणि त्यातच अंघोळीची सोय झाली, की सासूबाईंना पलंगावरून उठून चार पावलं टाकली तरी पुरे. त्यासाठी तिनं अर्ज केला, नकाशा जोडला, डॉक्टरांचं पत्र जोडलं, सातबारा जोडला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, की संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामास परवानगी देता येत नाही. खाली सही आणि सहीवर शिक्का. शिक्का मात्र अगदी सुबक उमटला होता.

बुरुजपाडा रेवदंड्याच्या जरा पुढे, खाडीच्या अंगाला आहे. पोर्तुगीजांच्या वेळचा एक बुरूज तिथे अजून उभा आहे, त्याच्या डोक्यावर वड उगवलाय. तो बुरूज गौरीच्या घरापासून दीडशे मीटर तरी असेल. शंभराच्या बाहेर नियम सैल आहे, रीतसर अर्ज केला तर एवढीशी परवानगी मिळून जाते. पण पुरातत्त्व खात्याच्या नकाशात स्मारक बुरुजाशी संपत नव्हतं. तटबंदीचा उरलेला भाग म्हणून आणखी एक भिंत नकाशात होती, आणि ती थेट गौरीच्या वाडीत, नारळी-पोफळींच्या मधून येऊन घराच्या मागे अकरा मीटरवर थांबत होती. चाळीस पावलं लांब, छातीएवढी उंच, काळ्या दगडाची. तिच्या टोकाशी खात्याचा निळा फलक होता. भिंतीचा एक दगड हलवला तरी गुन्हा, असं त्यावर लिहिलेलं. त्या फलकावर गौरीची सासू पूर्वी ओल्या पंच्यांचे पिळे टाकायची, तेवढाच काय तो त्याचा उपयोग.

आता सासूचं नाव आनंदीबाई, वय पंचाहत्तर. गणपती गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्या संडासाला जाताना शेवाळावरून घसरल्या. घराचा संडास विहिरीच्या पलीकडे, पाच पायऱ्या उतरून. पस्तीस वर्षांपूर्वी बांधला तेव्हा घरापासून लांब असणं हेच चांगलं मानत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली. डॉक्टर म्हणाले, खोलीतल्या खोलीत काठीनं चालतील, पण पायरी आता विसरा. पायरी विसरायची तर संडास विसरायचा, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी कागदावर सोय लगतच असावी असं लिहून दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

तेव्हापासून भांडं आलं. पांढरं, चपटं, झाकणाचं. ते द्यायचं, धरायचं, झाकायचं, विहिरीला वळसा घालून पाच पायऱ्या उतरून रिकामं करायचं, धुवायचं, फिनेल घालायचं आणि परत आणायचं, हे सगळं गौरीकडे. ती रेवदंड्याच्या एका शाळेत लेखनिक होती. सकाळी निघण्यापूर्वी एकदा, दुपारच्या सुटीत रिक्षा करून येऊन एकदा, संध्याकाळी दोनदा. नवरा कुशल मुंबईत विमा कंपनीत, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. सासरे विश्वंभर, निवृत्त मुख्याध्यापक, ऐंशीला टेकलेले पण तब्येतीनं खणखणीत, घरातच असायचे. भांड्याची वेळ झाली की ते पेपर घेऊन ओटीवर जात. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. आपोआप जात.

डिसेंबरात आनंदीबाईंना थंडी वाजून ताप भरला. अलिबागला तीन दिवस सलाईन लावावं लागलं. लघवीत जंतू झाले होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी पाणी किती पितात? गौरीनं रागानंच सांगितलं, की तांब्या भरून उशाशी ठेवते, रोज. मग घरी आल्यावर तिनं लक्ष ठेवलं. तांब्या संध्याकाळी रिकामा असायचा खरा, पण खिडकीखालची अबोली भर हिवाळ्यात तरारली होती. म्हातारी पाणी खिडकीतून ओतत होती. भातही अर्धाच खायची, म्हणायची भूक नाही. गौरीनं जाब विचारला तेव्हा आनंदीबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, की तुझ्या हातात ते भांडं बघवत नाही गं, पोटात जितकं कमी जाईल तितकं बरं.

गौरी त्या दिवशी शाळेत गेली नाही. ती सरळ खात्याच्या कचेरीत गेली. हे तिचं चौथं की पाचवं जाणं होतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे तिलाही ठाऊक होतं, स्वतः कारकून होती ती. पण आज तिला थांबायचं नव्हतं. तिनं टेबलामागच्या माणसाला विचारलं, की बुरुजाच्या बुडाशी, अगदी वीस मीटरवर, खात्यानंच पर्यटकांसाठी संडास बांधलाय, टाइल्स लावून, तो कसा चालला? तो म्हणाला, ती सार्वजनिक सोय आहे, तिला वेगळी मंजुरी आहे. गौरीनं विचारलं, तिला दोन वर्षं कुलूप आहे, ते? तो म्हणाला, ते देखभालीचं काम, दुसऱ्या विभागाकडे येतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणजे बघायला येणाऱ्यांची सोय करायची आणि राहणाऱ्यांनी पाणी प्यायचं सोडायचं, असं गौरी बोलली, बरंच मोठ्यानं बोलली, आणि शेजारच्या टेबलावरची बाई चहाचा कप हातात धरून तिच्याकडे बघत राहिली.

तिथून परतली ती धुमसतच. घरी मागच्या अंगणात कोंडाजी गवंडी तिची वाट बघत बसला होता. म्हातारा, विश्वंभरांहून दोन-तीन वर्षांनी थोरला. याचा बाप पालीकडच्या गावातून गवंडीकामाला इकडे उतरला आणि इथलाच झाला. बाथरूमचं काम कोंडाजीचा मुलगा करणार होता, म्हणून म्हातारा चौकशीला आला होता. गौरीनं त्याला पत्रातलं सगळं सांगितलं. तटबंदी घराजवळ आहे म्हणून बांधता येत नाही म्हणाली. कोंडाजीनं भिंतीकडे पाहिलं, मग गौरीकडे, आणि हसला.

“वैनी, तटबंदी कुटली? ह्यो गडगा हाय. माज्या बापानं रचलाय. मी दगड उचलून देत व्हतो.”

गौरीला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. बुरुजाचा एक कोपरा कधीचा ढासळला होता, त्याचे दगड पडून होते, आणि सगळ्या पाड्यानं ते नेले. कुणी जोत्याला, कुणी विहिरीच्या काठाला. विश्वंभरांच्या वडिलांनी बारा बैलगाड्या भरून दगड आणले आणि वाडीला कुंपणाचा गडगा घातला. तेव्हा कुणी त्याला चोरी म्हणत नसे, पडलेला दगड तो, त्याला मालक कोण? वर्ष अठ्ठावन्न. कोंडाजीला वर्ष पक्कं आठवत होतं, कारण गडगा रचताना कोपऱ्याच्या दगडाखाली सुपारी, हळकुंड आणि नाणं ठेवायची रीत आहे, आणि नवा पैसा तेव्हा नुकताच निघाला होता.

“मास्तरांनीच ठेवला त्यो पैसा,” कोंडाजी म्हणाला. “न्हानं व्हतं. बाप म्हणला, घरच्या पोराच्या हातनं ठेवू. अजून आसंल तितंच. कोन काडतंय?”

पोर्तुगीज इथून गेले त्याला तेव्हा दोनशे वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या तटबंदीखाली नवा पैसा कसा असेल, हे शाळेतलं पोरही सांगेल. दगड उचलला की पैसा दिसेल, पैसा दिसला की भिंत स्मारकातून जाईल, भिंत गेली की सहा बाय पाच मिळेल. पण दगड उचलणं हा गुन्हा. म्हणजे भिंत जुनी नाही हे दाखवायला भिंतीला हात लावायचा, आणि हात लावायचा नाही कारण भिंत जुनी आहे. गौरी पायरीवर बसली आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता एवढा संताप आला की तिनं पायातली चप्पल काढून निळ्या फलकावर फेकली.

तो संताप खात्यावर नव्हता. खातं परकं होतं. विश्वंभर घरचे होते.

कारण हे स्मारक आणलं कुणी? त्यांनीच. गडगा झाल्यावर थोड्याच वर्षांत, भावकीच्या एका भांडणात कुणीतरी त्यांच्या वडिलांना चारचौघांत दगडचोर म्हटलं होतं, तेव्हापासून वडील सांगू लागले की भिंत आधीपासूनच होती. पुढे विश्वंभर मास्तर झाले आणि तेच मुलांना सांगू लागले, फक्त त्यात पोर्तुगीज घातले. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलांची रांग वाडीत यायची आणि मास्तर छडीनं भिंत दाखवायचे. तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली की ती सांगणाऱ्यालाही खरी वाटायला लागते. अकरा वर्षांपूर्वी खात्याची माणसं मोजणीला आली तेव्हा त्यांना भिंत ठाऊकही नव्हती. मास्तरांनी त्यांना शहाळी पाजली, पोहे खिलवले, आणि स्वतः हाताला धरून वाडीत नेलं. ही भिंत पिढ्यान्‌पिढ्या इथे आहे असं लिहून दिलं, खाली झोकदार सही केली. स्थानिक पेपरात फोटो आला. तो फोटो अजून ओटीवर आहे. आपल्या हातानं आपल्या वाडीला फास लावून घेणारा दुसरा माणूस या किनाऱ्यावर शोधून सापडायचा नाही.

गौरीनं त्या संध्याकाळी त्यांना विचारलं. वीस वर्षांत सासऱ्यांपुढे तिनं आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. ते आधी म्हणाले कोंडाजीला म्हातारपणात भ्रम झालाय. मग म्हणाले, त्या वेळच्या गोष्टी तुला कळायच्या नाहीत. आणि शेवटी, ती हलतच नाही असं बघून, हळू आवाजात म्हणाले, “गावात अर्धी माणसं माझ्या हाताखाली शिकलीत. त्यांना काय सांगू? मास्तर चोराचा मुलगा, आणि खोटारडा?”

“आई पाणी ओतून देतात खिडकीतून,” गौरी म्हणाली.

त्यांनी पेपर उचलला आणि ते ओटीवर गेले.

शनिवारी कुशल आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं, आणि म्हणाला की बाबांना या वयात काय बोलणार, आपण आईसाठी एक बाई ठेवू. बाई ठेवू. म्हणजे भांडं गौरीच्या हातातून दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या हातात जाईल आणि बापलेक दोघं ओटीवर बसतील. गौरी त्याला एवढंच म्हणाली, की तू सोमवारी जातोस ना, जा. त्या रविवारी ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.

ती मात्र गप्प बसली नाही. कोंडाजीचा जबाब लिहून, अंगठा घेऊन ती पुन्हा कचेरीत गेली. या वेळी तिथे नवीन बाई होती, मृणाल नावाची, तिशीची, नुकतीच बदलून आलेली. तिनं फाइल उघडून सगळी वाचली, जे आधी कुणी केलं नव्हतं. मग स्पष्ट सांगितलं. एका मजुराच्या सांगण्यावरून नोंदलेल्या भिंतीचा दगड उचलायचा प्रस्ताव ती वर पाठवू शकत नाही. पण ही भिंत नोंदली गेली ती घरमालकाच्या लेखी जबाबावर. त्याच माणसानं जबाब मागे घेतला, तर कोपरा उघडून तपासायची परवानगी मागता येईल. ती म्हणाली, मी स्थळपाहणीला येते, त्यांना समोर विचारते. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं तर मात्र फाइल बंद होईल, आणि बंद झालेली फाइल कुणी उघडत नाही.

गौरीनं घरी येऊन हे सासू-सासरे दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. एकदा खोलीत, एकदा ओटीवर.

गुरुवारी अकरा वाजता मृणाल आली, बरोबर टेप धरायला एक माणूस. कुशलला रजा मिळाली नव्हती, किंवा त्यानं मागितली नव्हती. कोंडाजी धुतलेला सदरा घालून भिंतीपाशी उभा होता. विश्वंभर बाहेर आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, टोपी घालून. त्यांनी मृणालला नमस्कार केला, शहाळं विचारलं. तिनं नको म्हटलं. टेप धरून झाली, बुरुजाचं अंतर झालं, घराचं झालं. आनंदीबाईंच्या खोलीची खिडकी उघडी होती, पलंग तिला लागूनच, आणि त्या उशीला टेकून बसून हे सगळं बघत होत्या.

मृणालनं फाइलमधला जुना कागद काढला. “सर, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही लिहून दिलंय की ही भिंत पिढ्यान्‌पिढ्या इथे आहे. हे बरोबर आहे का?”

विश्वंभरांनी भिंतीकडे पाहिलं. कोंडाजीकडे पाहिलं नाही. घसा साफ केला आणि शाळेत बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “बरोबर आहे. पोर्तुगीजांचीच तटबंदी आहे ही.”

कोंडाजीनं मान खाली घातली. गौरीचं अंग तापलं. तिच्या तोंडाशी जे आलं होतं ते सुनेनं सासऱ्याला म्हणायचं नसतं, आणि ते ती म्हणणारच होती, इतक्यात खिडकीतून आवाज आला.

“अहो. भांडं आणा.”

गौरी सवयीनं वळली. घरात परकी माणसं असताना आनंदीबाई कधी भांडं मागत नसत, दिवसभर मागत नसत. ती दोन पावलं गेलीही.

“तू नको, गौरी,” आनंदीबाई म्हणाल्या. “त्यांना आणू दे.”

“अगं, माणसं आली आहेत,” विश्वंभर दबक्या आवाजात म्हणाले.

“दिसतायत मला. आणा.”

मृणालला आधी काय चाललंय ते कळेना, आणि कळलं तेव्हा तिनं मान फिरवून नारळाच्या झावळ्यांकडे बघायला सुरुवात केली. विश्वंभरांनी डोक्यावरची टोपी नीट बसवली. मग आत गेले. त्यांना भांडं कुठे असतं तेही माहीत नव्हतं. आतून आनंदीबाईंचा आवाज आला, पलंगाखाली, डाव्या हाताला. मग खिडकीचा पडदा ओढला गेला. कशी मदत करायची तेही त्या आतून सांगत होत्या, एकेक करून, लहान मुलाला सांगावं तसं. असं धरा. सरळ. आता बाहेर थांबा. या. झाकण लावा. सगळं अंगणात ऐकू येत होतं, आणि ज्या बाईनं चार महिने लाजेपायी घोट घोट पाणी टाळलं, ती हे मुद्दाम ऐकवत होती. गौरीचे डोळे भरून आले, पण राग काही उतरला नाही.

विश्वंभर भांडं घेऊन बाहेर आले. दोन्ही हातांत, अंगापासून लांब धरून. वाट गडग्याला लागूनच होती. ते माणसांसमोरून, निळ्या फलकासमोरून गेले, विहिरीला वळले, पाच पायऱ्या उतरले. उतरताना एकदा थांबले, भिंतीला हात लावून तोल सावरला. बराच वेळ लागला त्यांना. पाण्याचा आवाज झाला, फिनेलचा वास आला. परत आले तेव्हा शर्टाच्या बाहीला ओल होती आणि टोपी सरकली होती. गौरीनं पुढे होऊन त्यांच्या हातातलं भांडं घ्यायला हवं होतं. रोजची सवय होती ती. तिनं घेतलं नाही.

ते मृणालपुढे येऊन उभे राहिले. “लिहा,” म्हणाले. “हा गडगा माझ्या वडिलांनी बांधला, अठ्ठावन्न साली. दगड बुरुजाचे, न विचारता आणलेले. हा कोंडाजी दगड देत होता. कोपऱ्यातला पैसा मी ठेवला. आधी लिहून दिलं ते खोटं होतं.”

मृणालनं कागद फाइलवर धरला आणि लिहून काढलं. सांगितलं, की दगडांबद्दल खातं तुमच्याकडे खुलासा मागेल, आणि मंजुरीला वेळ लागेल, दोन महिने, कदाचित जास्त. ते हो म्हणाले. सही त्यांनी उजव्या हातानं केली, डाव्यात भांडं धरून, आणि ती झोकदार आली नाही. कागद घडी करता करता मृणाल थांबली. तिला राहवलं नाही.

“सर, अर्ज ऑक्टोबरातला आहे. तेव्हाच का नाही सांगितलंत?”

विश्वंभरांनी हातातल्या भांड्याकडे पाहिलं.

“तेव्हा हे गौरी उचलत होती,” ते म्हणाले.

मृणालनं पेन तसंच धरून गौरीकडे पाहिलं.

“लिहा तेही,” गौरी म्हणाली.